पाऊल विकणे नाही

३ फेब्रुवारी

खारू,

'प्रिय' लिहावं की नाही यात बराच वेळ गेला, शेवटी नुसतं नाव लिहिलं. फोन तू उचलत नाहीस. मेल केली तर उत्तर देतेस ते असं, की जणू शब्दामागे तुला दंड बसतो. कागद आला तर निदान उघडून बघशील म्हणून हा खटाटोप. पत्ता तुझ्या आईकडून घेतला. ताई म्हणाली, "लिही, पण भांडू नकोस." मी भांडायला लिहीत नाहीये.

ओळख विसरली असशील तर सांगते. मी तुझ्या आईची धाकटी बहीण. जिच्या दुकानात तू दोन वर्षं काम केलंस आणि चार वर्षांपूर्वी तणतणत निघून गेलीस, ती. अजून तेच करते. ज्यांचे पाय दुकानातल्या तयार बुटांत मावत नाहीत, एक पाय आखूड आहे, घोटा वळलेला आहे, बोटं नाहीत, त्यांचे बूट शिवते. अजून एका वेळी एकच जोड शिवते, आणि पाय बघितल्याशिवाय शिवत नाही. तू वेबसाइटवर 'माप टाका, बूट मागवा' असं सुरू केलं होतंस ते मी बंद केलं, त्याबद्दल मी तेव्हाही बरोबर होते आणि आजही आहे. हे एकदा लिहून टाकलं म्हणजे मधे मधे येणार नाही.

आता काम. अगदी किरकोळ आहे. दुकानाच्या वेबसाइटचं ते नाव, 'पाऊल', तू पंधरा वर्षांपूर्वी, कॉलेजात असताना, तुझ्या खात्यावर घेतलं होतंस. मला वाटत होतं की बिलावर माझं नाव आहे म्हणजे तेही माझंच आहे. परवा एका माहितगार गिऱ्हाइकाला विचारलं तर तो म्हणाला, तसं नसतं, ज्याच्या खात्यात नाव, तो मालक. तर ते माझ्या खात्यात करून दे. खातं कसं उघडायचं तेही कळव. ताई सांगत होती की तू आता हाच धंदा करतेस, अशी नावं घेतेस आणि विकतेस आणि त्यावर तुझं भाडं निघतं. तेव्हा तुला हे हातचं काम असणार.

घाई काही नाही. या आठवड्यात झालं तर बरं.

मावशी

ता. क. या नावाबद्दल तुला कोणाची मेल आली तर उत्तर देऊ नकोस.


१४ फेब्रुवारी

खारू,

तुझं उत्तर मिळालं. "कोणी विचारलं आणि तू किती सांगितलेस?" एवढंच. ना कशी आहेस, ना बरी आहेस का. आणि तुला कळलं कसं, हे मला कळलेलं नाही. मी तर किरकोळ काम म्हणून लिहिलं होतं.

बरं. लपवण्यात अर्थ नाही.

जानेवारीच्या शेवटी एका माणसाची मेल आली. फार गोड भाषा. "आपलं नाव आमच्या एका ग्राहकाला आवडलं आहे, आपण विकण्याचा विचार कराल का?" ग्राहक कोण ते सांगत नाही. मी दोनदा विचारलं, दोनदा म्हणाला, गोपनीय आहे. म्हणजे दलाल. माझ्या मनात आलं, तीन अक्षरांच्या पाटीला कोण पैसे देणार? गंमत म्हणून लिहिलं, पन्नास हजार. खारू, मी चहाचं आधण ठेवलं आणि त्याला उकळी फुटायच्या आत उत्तर आलं, "मान्य आहे, कागदपत्रं पाठवतो."

तेव्हापासून मी तेच उगाळते आहे. इतक्या पटकन कोणी हो म्हणतं का? मी कातडं घ्यायला जाते तेव्हा तो व्यापारी तीस टक्के उतरवायला अख्खी दुपार घेतो. हा बाबा एका दमात हो म्हणाला म्हणजे मी किती स्वस्तात गेले असेन!

आणि मग कळलं की विकायला नाव माझ्याकडे नाहीच.

तुझी कालची दुसरी मेल मी ताईला वाचून दाखवली. "नाव माझ्या खात्यात आहे. तू काहीही विकलेलं नाहीस. आता यापुढे त्याच्याशी एक अक्षर बोलू नकोस. मी बघते. माझे वीस टक्के." ताई हसायला लागली. मला नाही हसू आलं. सख्ख्या मावशीकडून वीस टक्के! परक्यांकडून काय घेतेस?

मावशी


२ मार्च

खारू,

परक्यांकडून पंचवीस घेतेस, हे कळलं. उपकार झाले.

आज अठरा दिवस मी गप्प बसले आहे आणि मला असं वाटतंय की माझ्या डोक्यावर कोणीतरी मिरे वाटतंय. तू त्याला लिहिलंस, "अठरा लाख." मला वाटलं टाइप करताना चूक झाली. तो म्हणाला दोन. तू सहा दिवस उत्तरच दिलं नाहीस. सहा दिवस! मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तू पाठवतेस त्या मेलच्या प्रती बघते. तो बिचारा दोनदा विचारतो, "काही विचार झाला का?" आणि तू गप्प. मग तो साडेचारवर आला, आणि तू त्याला काय लिहिलंस तर, "धन्यवाद, कळवते." साडेचार लाखांना कोणी धन्यवाद, कळवते म्हणतं का?

मी विचारलं की अठरा कुठून आणलेस, तर तू म्हणतेस, असं लहान, सरळ, सगळ्यांना माहीत असलेलं नाव दुसरं शिल्लक नाही, त्यांना मागे-पुढे काहीतरी चिकटवून घ्यावं लागेल, आणि त्यांनी दलाल लावलाय म्हणजे त्यांच्याकडे पैसे आहेत. आणि जो आधी उत्तर देतो त्याला गरज आहे असं समजतात. बरं. पण ज्याला गरज आहे त्याने काय करायचं, हे तुझ्या शाळेत शिकवत नाहीत वाटतं.

तुझं गप्प बसणं मला नवीन नाही, म्हणा. चार वर्षं मी त्याच्या पलीकडच्या बाजूला बसले आहे. त्या दलालाची मला आता दया यायला लागली आहे. त्याला निदान माहीत आहे की तू किमतीसाठी गप्प आहेस.

हे खोडून टाकणार होते. राहू दे.

दुकानाचं म्हणशील तर ठीक आहे. पाठीमागच्या खोलीचं छत थोडं गळतं. जागेचा मालक हल्ली सारखा येऊन भिंती मोजत असतो, कशासाठी कोण जाणे. तू लवकर आटप. साडेचार पुष्कळ झाले. त्यांनी मन बदललं तर आपण दोघी हात चोळत बसू.

मावशी


२१ मार्च

खारू,

काल फोनवर तू जे बोललीस त्यातलं निम्मं मला कळलं नाही, कारण तू ओरडत होतीस आणि मीही ओरडत होते. चार वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि तो असा. म्हणून आता शांतपणे लिहिते.

हो. मी त्याला मेल केली. तुला न सांगता. तू त्याला नऊपर्यंत आणलं होतंस हे मला माहीत नव्हतं. साडेचारनंतर तू मेलच्या प्रती पाठवणंच बंद केलंस, मग तू कुठे सांगितलं होतंस? तू म्हणालीस, "सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी हो म्हणून मोकळी झाली असतीस." खरं आहे. पण न सांगितल्याने मी काय केलं ते बघ. मी त्याला लिहिलं की माझी भाची जरा ताणते आहे, मनाला लावून घेऊ नका, पाच लाखांत द्यायला माझी हरकत नाही. हरकत नाही! एवढे दोन शब्द लिहिले आणि नऊचे पाच केले. आणि त्या गोड माणसाने दुसऱ्या दिवशी तुला कळवलं की ग्राहकाचा उत्साह कमी झाला आहे, आता तीन.

तू विचारलंस, "मावशी, तुला झालं तरी काय होतं?" तेव्हा मी फोन ठेवला. रागाने नाही ठेवला.

मला झालं होतं ते असं. मालक जागा विकतोय. भिंती तो त्यासाठीच मोजत होता. मे अखेरपर्यंत दुकान रिकामं करायचं आहे. तीन गल्ल्या सोडून एक जागा आहे, तळमजला, पुढे पायरी नाही, कुबड्या घेऊन येणाऱ्याला सरळ आत येता येतं. अनामत पाच लाख मागतात. मी सोळा ठिकाणं बघितली. सगळीकडे जिने. वरच्या मजल्यावर बूट शिवणारी बाई, आणि गिऱ्हाइकं अशी की ज्यांना जिना चढता येत नाही. लोकांनी हसायचं तरी किती?

हे तुला आधी का सांगितलं नाही? कारण सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस की तेव्हा इंटरनेटवर विकू दिलं असतं तर आज ही वेळ आली नसती. तू म्हणाली नसतीस कदाचित. पण मी ते ऐकलंच असतं.

फोनवर तू शेवटी म्हणालीस, "आता तूच बघ. मी मधून बाहेर." आणि वर, "मला सांगितलं असतंस तर मी त्याला पहिल्या दिवसापासून पाचच्या खाली बोलूच दिलं नसतं." म्हणजे माझ्या न सांगण्याचं खापर माझ्यावरच. ठीक आहे. मी बघते.

मावशी


९ एप्रिल

खारू,

मी नाव विकत नाहीये. तुझी परवानगी न घेता हे लिहिते आहे, कारण नाव तुझ्या खात्यात आहे आणि तू ठरवलंस तर उद्या विकूही शकतेस. पण माझं मत हे.

काय झालं ते सांगते. सोमवारी दुपारी एक मुलगी दुकानात आली. पंचविशीतली असेल, शाळेत शिकवते. डाव्या पायाखाली उंच टाच हवी अशी चाल. तिने पिशवीतून एक बूट काढून माझ्या पुढ्यात ठेवला. लहान मुलीचा, तपकिरी, बंद कुरतडलेला. मी उचलला आणि टाक्यावरूनच कळलं की माझा आहे.

मी म्हटलं, "कधीचा हा?"

म्हणाली, "मी सहावीत होते. आई घेऊन यायची मला, किती तरी तास गाडीत बसून. नंतर आम्ही लांब राहायला गेलो आणि आई गेली. दुकान कुठल्या गल्लीत आहे, कुठल्या गावात आहे, मला काही आठवत नव्हतं. इतकी वर्षं मी नुसते जाड तळाचे बूट आणून एकात गादी घालते आहे. कंबर कामातून गेली. परवा सामान लावताना हा मिळाला. आत लिहिलेलं होतं, ते टाइप केलं, आणि तुमचा पत्ता आला."

आत लिहिलेलं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. तो शिक्का तूच करून आणला होतास. आतल्या तळव्यावर मी वेबसाइटचं नाव ठोकते. फोन नंबर नाही, कारण नंबर तीनदा बदलला. पत्ता नाही, कारण छोट्या बुटात मावत नाही. नुसतं ते नाव.

मी तिच्या पायाचं माप घेतलं. ती गेल्यावर बराच वेळ कामाला हात लागेना. किती बूट गेले असतील ग या दुकानातून? कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या पलंगाखाली? आणि त्यातलं कोणीतरी उद्या बूट उलटा करून ते नाव टाइप करणार आणि पुढे काय येणार? तू म्हणाली होतीस ना की तुझ्या अंदाजाने ग्राहक म्हणजे कोणीतरी माणसांची पावलं मोजणारी कंपनी आहे. 'आज तुम्ही दहा हजार पावलं चाललात, शाबास!' कंबर कामातून गेलेल्या मुलीला हे दाखवायचं?

मी दलालाला लिहिलं, "विचार बदलला. नाव विकायचं नाही. तसदीबद्दल क्षमस्व."

त्याचं उत्तर, "समजलो. पाच."

मी लिहिलं, "तुम्ही समजला नाहीत. विकायचं नाही."

"आठ."

मग मी उत्तरच दिलं नाही. काय बोलणार? तर अकरावर आला. अकरा लाख, खारू! आणि हे सगळं ताईने तुला फोन करून सांगितलं, आणि तुझी मेल काय, तर, "मावशी, कमाल केलीस! असंच धरून ठेव!"

मी काहीही धरून ठेवलेलं नाही. नको म्हणजे नको. या तुमच्या धंद्यात माणसाला खरंखुरं नाही म्हणायची काही सोय आहे का? पन्नास हजार मागितले तेव्हा मला मूर्खात काढलंत, काही मागत नाही तर हुशारीत काढताय.

आणि जागेचा मालक परवा एका जोडप्याला घेऊन आला होता. त्यांनी माझ्या कामाच्या टेबलाच्या जागी फ्रिज कुठे बसेल ते बघितलं.

मावशी


२७ एप्रिल

खारू,

तुझं पत्र आलं. पत्र! पाकिटावरचं अक्षर बघून मला आधी वाटलं बँकेचं काहीतरी आहे. तू हाताने लिहायची विसरली नाहीस, फक्त अक्षर आणखी वाईट झालंय.

तू लिहिलंस, "नको म्हणायचं असेल तर खुशाल नको म्हण, मी परस्पर काही विकणार नाही. पण तुला नक्की काय नको आहे, ते एकदा सांग. पैसे नकोत, की नाव जायला नको, की आणखी काही?" मला आधी राग आला. इतकी चार पानं लिहून सांगितलं आणि वर विचारते काय नको. पण रात्रभर ते डोक्यातून जाईना. पैसे तर हवेत. नाव पाटीवर असलं काय, नसलं काय, गल्लीतले लोक मला 'बूटवाल्या बाई' म्हणतात. मग राहिलं काय? बूट उलटा करणारं माणूस चुकायला नको. बस. तेवढंच नको आहे.

तुला हे कळवायला कागद घेतला आणि तेवढ्यात तो दलाल स्वतःच दुकानात येऊन उभा राहिला.

मी त्याला मेलवरून गुळगुळीत, कोटबीट घातलेला समजत होते. तसा काही नाही. तुझ्याहून थोडा मोठा, घामाघूम, बॅगेचा पट्टा तुटलेला, गाठ मारलेली. मापाच्या बुटक्या स्टुलावर बसला तर गुडघे हनुवटीला लागले.

"बाई, अकरा," म्हणाला. "याच्या वर जायचा मला अधिकार नाही."

"मला अकरा नकोत."

"तुमच्या भाचीशी बोललो मी. त्या म्हणाल्या, मावशी ठरवेल ते."

"बरोबर म्हणाली."

"मग साडेअकरा. वरचे पन्नास माझ्या दलालीतून काढतो. तीन महिने झाले बाई, या एका नावापायी माझ्या नाकी नऊ आलेत."

"अहो, मी किंमत वाढवत नाहीये."

त्याने मांडीवरची बॅग खाली ठेवली. मग अगदी मनापासून म्हणाला, "मग काय वाढवताय?"

खारू, तीन महिन्यांत त्याने विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. मी उठून त्या मुलीचा तपकिरी बूट आणला. ती तो माझ्याकडेच ठेवून गेली आहे, जुनं माप म्हणून. आतलं नाव दाखवलं. सगळं सांगितलं. म्हटलं, "नाव घ्या. पण पहिल्या पानावर एक ओळ ठेवायची. 'पायाच्या मापाचे बूट शिवून हवे असतील तर इकडे', आणि त्यावर बोट ठेवलं की माझं दुकान उघडलं पाहिजे."

तो फोन घेऊन बाहेर गेला. खिडकीतून मला त्याचं नुसतं डोकं दिसत होतं, इकडून तिकडे, तिकडून इकडे. आत आला.

"एक वर्ष ठेवतील."

"दहा."

"दहा वर्षांनी ती कंपनी तरी असेल का, बाई?"

"बूट असतील."

पुन्हा बाहेर. पुन्हा आत. "दहा मान्य. पण अगदी तळाला, बारीक अक्षरात."

"तुमच्या नावाएवढं मोठं नको. पण चष्मा न लावता मला वाचता आलं पाहिजे."

या वेळी तो बाहेर फार वेळ होता. मी तोवर एक टाच चिकटवून घेतली. परत आला तेव्हा चेहरा पडलेला होता. म्हणाला, "कंपनीचे मालक वैतागलेत. म्हणतात, पहिल्याच पानावर परक्याची ओळ म्हणजे आमच्या पानाचा कचरा. बाईंना हवी तर ओळ ठेवू, पण मग किंमत कापा."

"किती?"

"अकरातून चार लाख. म्हणजे सात."

मी हो म्हटलं. तुला न विचारता. दुसऱ्यांदा.

मला माहीत आहे तू आता काय म्हणणार. तीन कापून सुटला असता, दोनदेखील. जरा गप्प बसली असतीस, मावशी. सुटला असता, कदाचित. पण मला त्या क्षणी एवढंच दिसलं की सात लाखांत जागा मिळते आणि ओळही मिळते, आणि गप्प बसायला माझ्यात आता काही शिल्लक नाही. जन्मभर मी माझ्या कामाची किंमत सांगताना खाली बघून सांगितली आहे. त्या दिवशी मान वर होती. चार लाखांना पडली, पण वर होती.

आता नाव तुझ्या खात्यात आहे, तेव्हा शेवटचं हो तुझंच. नाही म्हणालीस तर मी त्याला तसं कळवेन आणि तुझ्याशी भांडेन. पैसे आधी तिसऱ्याकडे जमा करायचे, मग नाव हलवायचं, आणि ती ओळ करारात शब्दशः हवी, एवढं मी त्याला सांगून ठेवलं आहे. हे मला कोणी शिकवलं नाही. तुझ्या जुन्या मेल पुन्हा वाचल्या.

मावशी


१९ मे

प्रिय खारू,

पैसे आले. नाव गेलं. काल त्यांचं नवं पान उघडून बघितलं. हिरवंगार, धावणारी माणसं, आणि खाली उजवीकडे आपली ओळ. चष्मा काढून वाचली. वाचता आली. ताईला दाखवली, तर तिने त्यावर बोट ठेवलं, आणि दुकान उघडलं. चालतंय.

नव्या जागेत अर्धं सामान हललं आहे. ज्यांच्यावर बूट चढवते त्या लाकडी कलबूतांच्या कपाटाला चार माणसं लागली. ती शाळेत शिकवणारी मुलगी तिच्या जोडासाठी आली ती थेट दारातून आत, न थांबता. नवे बूट घालून खोलीत दोन चकरा मारल्या आणि मग काही न बोलता तिसरी मारली.

तू लिहिलंस ना की करारात तू दहाची बारा वर्षं करून घेतलीस, वर एक पैसाही न कापता? कसं केलंस ते शनिवारी येशील तेव्हा सांग. आणि किती मागे हटली होतीस आधी, किती दिवस गप्प बसलीस, तेही. मला ऐकायचंय. तुझे वीस टक्के तुझ्या बँकेत टाकले आहेत. परत पाठवू नकोस, मी पुन्हा पाठवीन आणि बँकेचा खर्च दोघींना पडेल. पाय बघितल्याशिवाय बूट शिवायचे नाहीत, यावर मात्र बोलणी होणार नाहीत, हे आधीच सांगते. बाकी कशावरही बोलू.

एक गोष्ट राहिली. दुकानाला नवं नाव हवं होतं. त्या ओळीवर बोट ठेवलं की उघडायला काहीतरी पाहिजे, तर सध्या तू तात्पुरतं जे दिलंस त्यात इतके आकडे आहेत की ते गाडीच्या नंबरासारखं दिसतं. तेव्हा परवा मी ठरवलं की या वेळी हे आपण स्वतः करायचं. खातं उघडलं, माझ्या नावावर. 'पावलोपावली' शोधलं, मिळालं, पैसे भरले, पाच वर्षांचे एकदम. फार अभिमान वाटला. मग ताई म्हणाली, "अगं, हे बघ." इंग्रजी अक्षरं दाबताना माझ्या हातून 'ली'चा 'एल' तीनदा पडला आहे. तिथे फोन केला तर म्हणतात, घेतलेलं नाव परत घेत नाहीत.

तू धंद्यातली आहेस, डोक्याला हात लावशील. लाव. पण मी ते बदलणार नाही. शिक्कासुद्धा करायला टाकला आहे, तिन्ही 'एल'सकट. तुझ्या त्या सगळ्या दलालांना दाखव हवं तर. गोड भाषेत मेल करून या नावाची किंमत विचारायला या जगात कोणीही येणार नाही.

तुझी,
मावशी